साध्या डीएसएलआरला मोठी टेलिफोटो झूम घेताना काय काय बघायचं

कॅननच्या १५००डी, २००डी किंवा निकॉनच्या डी३५००, डी५६०० असल्या कॅमेऱ्यावर १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरच्या दोन्ही साध्या किट लेन्स वापरून झाल्या की पुढचा किडा डोक्यात शिरतोच, आता ती पांढरी मोठी लेन्स घ्यायची. मग चर्चा सुरू, एवढ्याशा कॅमेऱ्याला ती चालेल का, आधी बॉडी बदलू का, वगैरे. चालते हो. बसते, फोकस करते, एक्स्पोजर बरोबर देते, फोटो पण चांगलाच येतो. बॉडी आपण चार-सहा वर्षांत बदलतो, चांगली लेन्स दोन-तीन बॉड्या पचवते, त्यामुळे पैसे लेन्समध्ये घालण्यात चूक काहीच नाही. फक्त ७०-२०० एफ २.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त आत येतो) नवी घेतली तर ती तुमच्या कॅमेऱ्याच्या तिप्पट-चौपट किमतीला जाते, आणि एवढे पैसे मोजून भलत्याच कामाची लेन्स घरी आली तर ती कपाटात बसते आणि तिथे तिला बुरशी लागते. ठाणे-नवी मुंबईत तर हमखास लागते, पण त्यावर नंतर येतो.

पायरी १: उजेड कमी पडतोय का अंतर जास्त पडतंय?

हा एकच प्रश्न नीट सोडवलात तर निम्मं काम झालं. प्रो टेलिफोटो झूम म्हणजे ढोबळमानाने दोन जाती. एक ७०-२०० एफ २.८, जी अंधारातली लेन्स आहे. दुसरी १००-४००, २००-५००, १५०-६०० ही लांबची मंडळी, यांचं ॲपर्चर एफ ५.६ किंवा ६.३ च्या आसपास, म्हणजे उजेडाच्या बाबतीत तुमच्या किट टेलिफोटोपेक्षा जास्त काही देत नाहीत, देतात ते अंतर. या दोघींच्या मधे ७०-२०० एफ ४, हलकी आणि शहाणी, तिच्याकडे कोणी बघत नाही. दोन्ही गोष्टी एकाच लेन्समध्ये हव्या असतील तर तशाही लेन्सेस आहेत, पण त्यांच्या किमतीत गाडी येते, सोडून द्या.

उजेडाचं उदाहरण घ्या. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहात किंवा वाशीच्या विष्णुदास भावेमध्ये शाळेचं गॅदरिंग आहे, भाचीचा नाच आहे. नाचणारं पोर हललेलं दिसू नये म्हणून शटर स्पीड निदान १/२०० तरी पाहिजे. समजा त्या लाइटमध्ये एफ २.८ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) १६०० वर काम होतंय. आता तीच फ्रेम ५५-२५० ने २५० ला घेतली तर ॲपर्चर एफ ५.६, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणजे आयएसओ थेट ६४००. १५००डी ची साधी रेंज तिथेच संपते आणि फोटोत दाणे दिसायला लागतात. इथे २.८ चा पैसा वसूल आहे, वाद नाही.

आता अंतराचं. ठाण्याच्या येऊरच्या जंगलात ओढ्याकाठी छोटा खंड्या बसलाय, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १७ सेंटिमीटर, तुमच्यापासून १५ मीटरवर. हिशेब सोपा आहे: वस्तूची लांबी गुणिले फोकल लेंथ, भागिले अंतर, सगळं मिलिमीटरमध्ये. १७० गुणिले २००, भागिले १५,०००. उत्तर आलं साधारण सव्वादोन मिलिमीटर. तुमच्या कॅननच्या सेन्सरची उंची १४.९ मिलिमीटर आणि त्यात ४००० पिक्सेल, म्हणजे दोन लाखांच्या लेन्सने काढलेला खंड्या जेमतेम ६०० पिक्सेलचा. ४०० ला तोच १२०० होतो, ६०० ला १८००. एफ २.८ ने इथे काय फरक पडणार? काहीच नाही. पक्ष्यांसाठी ७०-२०० घेऊन नंतर "क्रॉप केला की फाटतो" म्हणत बसणारे लोक प्रत्येक बर्ड वॉकवर भेटतात.

फ्लेमिंगोचं गणित वेगळं येतं कारण पक्षीच उंच. मोठ्या जातीचा फ्लेमिंगो उभा राहिला की सव्वा मीटरच्या आसपास, तो ५० मीटरवर असेल तर २०० ला फ्रेमच्या उंचीचा एक तृतीयांश भाग व्यापतो आणि ४०० ला दोन तृतीयांश. थवा, पाणी, मागे नेरूळच्या बिल्डिंगा असा फोटो हवा असेल तर २०० सुद्धा पुरते. डोळा आणि चोच हवी असेल तर नाही पुरत.

तर कागदावर लिहा, गेल्या वर्षभरात काढलेल्या फोटोंपैकी वाया गेलेले कशाने गेले, अंधाराने का लांबून. आठवत नसेल तर कॉम्प्युटरवर जुने फोटो उघडून फोकल लेंथ आणि आयएसओ बघा, तिथे सगळं नोंदलेलं असतं. २५० ला अडकलेले फोटो जास्त असतील तर अंतर हवंय. ६४०० आयएसओवाले जास्त असतील तर उजेड.

पायरी २: क्रॉपचं गणित दोन्ही बाजूंनी करा

कॅननच्या या बॉड्यांचा क्रॉप फॅक्टर (मोठ्या फुल फ्रेम सेन्सरच्या मानाने आपला सेन्सर किती पट लहान) १.६, निकॉन आणि सोनीचा १.५. त्यामुळे ७०-२०० ही कॅननवर ११२-३२० सारखी फ्रेम देते आणि दुकानदार खुशीत सांगतो, बघा, फुकटात ३२० मिळतंय. लेन्स काही लांब होत नाही, सेन्सर लहान म्हणून कडेचं कापलं जातं एवढंच. आणि जे वरच्या टोकाला फुकट मिळतं ते खालच्या टोकाला जातं, हे तो सांगत नाही. ७० ला आडव्या फ्रेममध्ये नवरा-नवरी डोक्यापासून पायापर्यंत, थोडी जागा सोडून घ्यायचे असतील तर तुम्हाला नऊ-साडेनऊ मीटर मागे जावं लागतं. कुठल्याही मंगल कार्यालयात नऊ मीटर मागे म्हणजे तुम्ही बुफेच्या लायनीत उभे. लग्नांसाठी घेत असाल तर १८-५५ किंवा तत्सम काहीतरी सोबत लागणारच, एकट्या ७०-२०० वर लग्न निघत नाही.

पायरी ३: बसेल का, आणि बसली तर फोकस करेल का

कॅननवाल्यांचं सोपं आहे. १९८७ पासून आलेल्या सगळ्या ईएफ (कॅननच्या एसएलआरसाठीच्या) लेन्सेस १५००डी, २००डी वर बसतात आणि ऑटोफोकस करतात, कारण मोटर लेन्समध्येच असते. आरएफ, म्हणजे कॅननच्या मिररलेससाठीची लेन्स मात्र डीएसएलआरवर बसत नाही, कुठलाही ॲडॉप्टर लावून नाही. उलटं चालतं, म्हणजे आर५० किंवा आर१० सारखा मिररलेस असेल तर कंपनीचा ॲडॉप्टर लावून ईएफ लेन्स झकास चालते. फिल्मच्या जमान्यातल्या काही सिग्मा लेन्सेस डिजिटल कॅननवर एरर देतात, फार स्वस्तात कोणी देत असेल तर स्वतःच्या बॉडीला लावून दहा-वीस क्लिक केल्याशिवाय हात लावू नका.

निकॉनवाल्यांनी इथे सावध. डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नाही. त्यामुळे निकॉनच्या लेन्सपैकी आत मोटर असलेली, म्हणजे एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली लेन्सच ऑटोफोकस करते. जुन्या बाजारात ८०-२०० एफ २.८ डी ही अतिशय दणकट, मस्त लेन्स त्यामानाने स्वस्तात मिळते आणि बघितल्यावर वाटतं की लॉटरी लागली, पण ती बॉडीच्या मोटरवर चालते, म्हणजे तुमच्या डी३५०० वर हाताने फोकस करत बसा. धावणाऱ्या पोराला हाताने फोकस करणं सोपं नाही, आणि या बॉड्यांचा व्ह्यूफाइंडर इतका बारका आहे की फोकस बसला का ते नीट दिसत पण नाही. झेड मालिकेतल्या मिररलेसला एफटीझेड ॲडॉप्टर लावला तरी हीच अडचण, त्यातही ती मोटर नाही. एएफ-पी च्या बाबतीत उलटा घोळ, ती खूप जुन्या बॉड्यांवर चालत नाही, डी३५०० ला काही प्रॉब्लेम नाही.

टेलिकन्व्हर्टरचं, म्हणजे लेन्स आणि बॉडीच्या मधे बसून फोकल लेंथ वाढवणाऱ्या तुकड्याचं पण इथेच बघून टाकू. १.४ वाला एक स्टॉप उजेड खातो, २ वाला दोन. ७०-२०० एफ २.८ ला २ वाला लावला की १४०-४०० एफ ५.६ होते, फोकस करते, थोडी मऊ आणि थोडी आळशी होते पण चालते. एफ ४ वर २ वाला लावला की एफ ८, आणि या बॉड्या एफ ५.६ च्या पुढे ऑटोफोकसची खात्री देत नाहीत. ५५-२५० ला कॅननचा कन्व्हर्टर बसतच नाही, त्याची काच पुढे आलेली असते.

पायरी ४: कॅमेरा कुठे कमी पडेल ते आधीच माहीत असू दे

लेन्स प्रो झाली म्हणून बॉडी होत नाही. १५००डी ला ९ फोकस पॉइंट आणि त्यातला फक्त मधला क्रॉस टाइप (आडव्या-उभ्या दोन्ही रेषा पकडणारा), डी३५०० ला ११ आणि तिथेही मधलाच भरवशाचा. सेकंदाला फोटो अनुक्रमे ३ आणि ५. उडणारा पक्षी, दहीहंडीचा कोसळणारा थर, फुटबॉल, सगळीकडे मधल्या पॉइंटवरच विसंबायचं आणि नंतर क्रॉप करून फ्रेम लावायची, ही सवय लेन्स यायच्या आधी लावून घ्या.

पण खरी मेख वेगळीच आहे आणि ती फार कमी जण सांगतात. एफ २.८ ला २०० वर पाच मीटरवरच्या माणसाचा फोटो घेतला तर सगळं मिळून सहा-सात सेंटिमीटर भाग शार्प असतो, तीन मीटरवर तर जेमतेम अडीच. एवढ्या बारीक पट्टीत लेन्स आणि बॉडीचं जमलं नाही, फोकस सेंटिमीटरभर पुढे किंवा मागे पडला, की डोळ्याऐवजी कान शार्प. महागड्या बॉड्यांमध्ये हा फरक मेनूत जाऊन दुरुस्त करता येतो. १५००डी, २००डी, डी३५००, डी५६०० यात ती सोयच दिलेली नाही. मग पर्याय दोन. बॉडी आणि लेन्स दोन्ही घेऊन सर्व्हिस सेंटरला जायचं आणि जुळवून घ्यायचं. किंवा सिग्मा, टॅमरॉनच्या नव्या लेन्सेससाठी वेगळा डॉक मिळतो, सिग्माचा यूएसबी डॉक आणि टॅमरॉनचा टॅप-इन कन्सोल, तो कॉम्प्युटरला लावून लेन्सच्या आतच सुधारणा करता येते. मला विचाराल तर साध्या बॉडीवाल्याने टॅमरॉन ७०-२०० जी२ किंवा सिग्मा १५०-६०० कंटेम्पररीकडे गंभीरपणे बघायचं हे एक मोठं कारण आहे, नुसती किंमत नाही.

तपासायचं कसं ते सांगतो, दुकानातही पाच मिनिटांत होतं. काउंटरवर पेपर तिरका पसरा, मोठा मथळा असलेला. कॅमेरा एखाद्या खोक्यावर टेकवा, लेन्स पूर्ण उघडी, झूम २०० ला. व्ह्यूफाइंडरमधून मधल्या पॉइंटने एका ओळीवर फोकस करून पाच फोटो काढा, प्रत्येक वेळी आधी फोकस मुद्दाम बिघडवून. मग लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या स्क्रीनवर बघून) जाऊन त्याच ओळीवर पाच काढा. लाइव्ह व्ह्यूमध्ये कॅमेरा सेन्सरवरून फोकस करतो म्हणून तो बहुतेक बरोबर असतो. स्क्रीनवर झूम करून तुलना करा. लाइव्ह व्ह्यूचे पाचही कडक आणि व्ह्यूफाइंडरचे पाचही एकाच बाजूला सरकलेले, म्हणजे जोडी जुळत नाही, दुसरा पीस मागा. कधी पुढे कधी मागे असं होत असेल तर ते बॉडीच्या कुवतीचं आहे, पीस बदलून फायदा नाही.

पायरी ५: उचलून बघा

१५००डी चं वजन ४७५ ग्रॅम. कॅननची ७०-२०० एफ २.८ आयएस (म्हणजे स्थिरीकरणवाली, निकॉन त्यालाच व्हीआर म्हणतं) तिसरी आवृत्ती १४८० ग्रॅम, निकॉनची ई एफएल १४३० ग्रॅम. म्हणजे लेन्स कॅमेऱ्याच्या तिप्पट, कॅमेरा मागे झाकणासारखा लटकतो. कॅनन एफ ४ आयएस दुसरी आवृत्ती ७८० ग्रॅम, निकॉनची एफ ४ ८५० ग्रॅम. सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी १९३० ग्रॅम, निकॉन २००-५०० तर २३०० ग्रॅम. आकडे वाचून काही वाटत नाही. कर्नाळ्याच्या चढावर तासभर गळ्यात घाला आणि मग बोला. आणि हो, सकाळी ८ च्या ठाणे लोकलमध्ये ही बॅग घेऊन चढायचंय हे पण लक्षात घ्या.

धरायचं नेहमी लेन्सला, बॉडीला नाही. डावा तळहात लेन्सखाली, पट्टा अडकवायचा तर लेन्सच्या कॉलरला (लेन्सभोवतीचं ट्रायपॉडचं कडं), ट्रायपॉडवर पण कॉलरच. नुसत्या बॉडीला धरून दीड-दोन किलो हवेत लटकवलं तर सगळा ताण माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यावर येतो, आणि ३०००डी वाल्यांनो, तुमच्या कॅमेऱ्याचं माउंट प्लास्टिकचं आहे, तेव्हा जास्तच जपा. कॅननच्या एफ ४ सोबत कॉलर येत नाही, वेगळी घ्यावी लागते, बजेटमध्ये धरा.

पायरी ६: आयएस, व्हीआर पाहिजेच का

कॅनन-निकॉनच्या डीएसएलआरमध्ये बॉडीत स्थिरीकरण नाही, म्हणून हातात धरून वापरणार असाल तर लेन्समध्ये हवंच. जुन्या बाजारात कॅननची ७०-२०० एफ ४ एल (एल म्हणजे कॅननची प्रो मालिका) बिना आयएसची खूप फिरते, ७०५ ग्रॅमची, काच उत्तम. उन्हात मैदानावर चालेल, कारण तिथे तसाही शटर स्पीड १/१००० असतो. संध्याकाळी मात्र हात थरथरला की संपलं. जुना नियम असा की शटर स्पीड फोकल लेंथ गुणिले क्रॉपच्या वर ठेवा, म्हणजे २०० ला १/३२०, ४०० ला १/६४०. आयएस असेल तर त्यातून तीन-चार स्टॉप खाली येता येतं, पण फक्त समोरचं स्थिर असेल तरच. पोरं पळतायत, बगळा उडतोय, तिथे आयएस काही त्यांना थांबवत नाही.

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून खाडीत फ्लेमिंगो बघायला बोट जाते, तिथे तर बोट हलते, तुम्ही हलता, पक्षी हलतो. ट्रायपॉडचा उपयोग शून्य, उलट शेजारच्यांच्या पायात येतो. आयएस चालू आणि शटर स्पीड १/१००० च्या वर, एवढंच.

पायरी ७: मग घ्यायची कोणती

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

गॅदरिंग, नाटक, लग्न, इनडोअर बॅडमिंटन असेल तर ७०-२०० एफ २.८ स्थिरीकरणवाली, आणि नवी परवडत नसेल तर एक आवृत्ती मागची, वापरलेली. कॅननची २०१० ची दुसरी आवृत्ती आणि २०१८ ची तिसरी यात काचेचं गणित जवळपास तेच आहे, मुख्य फरक कोटिंगचा, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

पक्षी असतील तर सिग्मा किंवा टॅमरॉन १५०-६००, किंवा निकॉनवर २००-५०० एफ ५.६, किंवा खिसा जड असेल तर कॅनन १००-४०० ची २०१४ ची दुसरी आवृत्ती, जी हातात धरून वापरायला या सगळ्यांत सोयीची. सिग्मा-टॅमरॉन ६०० ला एफ ६.३ असतात, १५००डी वर फोकस करतात, पण येऊरच्या झाडीत सकाळी साडेसहाला शोधत बसतात.

आणि दिवसाउजेडी सगळं थोडं थोडं, प्रवास, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, मैदानावरचं क्रिकेट, तलावपाळीवरची संध्याकाळ असं असेल तर ७०-२०० एफ ४ आयएस. अर्ध्या वजनात, जवळपास तेवढीच शार्प, आणि तुम्ही ती खरंच घराबाहेर काढाल. किंवा काहीच घेऊ नका. ५५-२५० एसटीएम ३७५ ग्रॅमची आहे आणि भर दुपारी एफ ८ ला तिचा फोटो आणि एलचा फोटो मोबाइलवर शेजारी ठेवला तर ओळखणारा माणूस मला भेटायचाय. तुमच्याकडे निकॉनची बिना व्हीआर ७०-३०० किंवा कुठली जुनी ७५-३०० असेल तर आधी किटच्या पातळीवरचीच बरी लेन्स घ्या, फरक तिथेच मोठा पडेल.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, कॅनन आणि निकॉन दोघांचंही लक्ष आता मिररलेसकडे आहे, ईएफ लेन्सेस एकेक करून बंद होतायत, डी३५०० आणि डी५६०० तर बंदच झाले. याचा अर्थ डीएसएलआरच्या लेन्स घेऊ नका असा नाही. ॲडॉप्टरने त्या पुढेही चालतील. उलट लोक मिररलेसकडे जाताना जुन्या विकतायत, त्यामुळे वापरलेल्या मालात घासाघीस करायला वाव आहे. नवीन घेताना मात्र दोनदा विचार करा.

पायरी ८: आधी भाड्याने

ठाणे, वाशी, दादर सगळीकडे लेन्स भाड्याने देणारे आहेत, ओळखपत्रं आणि डिपॉझिट घेतात. शुक्रवारी संध्याकाळी घ्या, सोमवारी सकाळी परत. ताब्यात घेताना त्यांच्यासमोरच पुढची-मागची काच, हूड, टोप्या, कॉलर यांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवा, नंतर "हा चरा तुमचाच" प्रकार नको. आणि ज्या कामासाठी घ्यायची तेच काम त्या दोन दिवसांत करा. गॅलरीतून समोरच्या टाकीवरचा कावळा काढून काही कळत नाही. उजेड हवा असेल तर खरोखर अंधाऱ्या हॉलमध्ये जा, अंतर हवं असेल तर खाडीवर. रविवारी रात्री खांदा किती दुखतोय ते पण बघा, तोही निकालच आहे.

पायरी ९: वापरलेली घेताना काय तपासायचं

फोर्टात डी. एन. रोड, बोरा बाजार भागात फिरलात तर नवं-जुनं दोन्ही मिळतं, ऑनलाइन वैयक्तिक विक्रेते पण भरपूर. व्यवहार शक्यतो दिवसा, समोरासमोर, आणि स्वतःची बॉडी, रिकामं कार्ड, चार्ज केलेली बॅटरी घेऊन.

सर्वात आधी मोबाइलचा टॉर्च. पुढची आणि मागची टोपी काढा, लेन्स डोळ्यासमोर धरा, मागून टॉर्च मारा आणि तिरकं तिरकं करून आत बघा. थोडी धूळ असते, तिने फोटोला काही होत नाही, विक्रेत्याशी त्यावर हुज्जत घालत बसू नका. बघायचं ते कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे किंवा फांद्या फुटलेले पांढरे ठिपके, ती बुरशी. कडेला असेल तर विक्रेता म्हणेल "साफ होते". काचेचं कोटिंग खाल्लेलं असेल तर साफ करून डाग राहतो, आणि मोठ्या झूमच्या आतल्या काचा उघडायचा खर्च ऐकून तुम्ही खाली बसाल. बुरशी दिसली की लेन्स परत द्या, कितीही स्वस्त असली तरी. सगळी काच एकसारखी दुधाळ दिसली तर ती धुरकट झालेली, तिचा फोटो कॉन्ट्रास्ट गेलेला येतो, तीही नको.

मग झूम आणि फोकसची रिंग सगळीकडून फिरवा, खरखर नको, कुठे अडकायला नको. लेन्स खाली तोंड करून धरा, काही लांब झूम आपोआप घसरतात, थोडं चालतं. आयएस चालू करून शटर अर्धं दाबा, हलकी घरघर येते ती नॉर्मल, पण व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उड्या मारत असेल तर युनिट गेलेलं. ॲपर्चर एफ ११ ला ठेवून फोटो काढा, एरर आली तर पाती अडकतायत. एका साध्या भिंतीचा फोटो, मग लांबच्या बिल्डिंगचा, चारही कोपरे बघा, एकच कोपरा सतत मऊ असेल तर लेन्स कधीतरी पडलेली आहे. फिल्टरची कड चेपलेली दिसली तरी तोच अर्थ. वरचा पांढरा रंग घासलेला असेल तर खुशाल भाव पाडून घ्या, रंगाने फोटो निघत नाही.

बिल मागा आणि बिलावरचा सीरियल नंबर लेन्सवरच्या नंबराशी जुळवा. नवी घेत असाल तर भारतातल्या कंपनीचं वॉरंटी कार्ड आहे का बघा. "बिल नको, थोडं कमी करतो" म्हणणारा माल बाहेरून आलेला असतो आणि बिघडला की तुम्ही एकटे.

पायरी १०: घरी आणल्यावर

जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा म्हणजे ओलं फडकं. लेन्स तिच्या कापडी किंवा लेदरच्या पाऊचमध्ये घालून कपाटात ठेवणं हा बुरशी पाळायचा सर्वात सोपा मार्ग. दोन लाखांच्या लेन्ससाठी ड्राय कॅबिनेट घ्या, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ते बजेटमध्ये नसेल तर घट्ट झाकणाचा मोठा डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रता मोजायचा मीटर, आणि जेलचा रंग बदलला की गरम करून सुकवायचं. फार कोरडं पण नको, ३० च्या खाली नेऊ नका. आणि लेन्स वापरत राहा, पावसात सुद्धा आठवड्यातून एकदा बाहेर काढून उजेडात ठेवा.

एसी गाडीतून किंवा खोलीतून थेट बाहेर काढली की काचेवर वाफ धरते. बॅग बंद ठेवूनच बाहेर वीसेक मिनिटं थांबा, मग चेन उघडा. आणि लेन्स वेदर सील्ड आहे म्हणून दहीहंडीच्या पाण्याच्या फवाऱ्यात उभे राहू नका. लेन्स सील्ड आहे, तुमची बॉडी नाही, पाणी तिकडून शिरतं. प्लास्टिकचं रेन कव्हर शंभर-दोनशेत येतं.

पायरी ११: पहिल्या दिवशीचं सेटिंग

पक्ष्यांसाठी घेतली असेल तर फार लांब जाऊ नका. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत) आहे आणि ती आपल्या दारातच आहे. भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि फ्लेमिंगो नेरूळच्या पाणथळीत येतात, टीएस चाणक्य किंवा डीपीएसच्या तळ्याकडे, म्हणून आधी भरतीची वेळ बघा, ती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. खाडीच्या नवी मुंबईच्या काठावर सकाळी जा, सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पक्ष्यांवर ऊन पडतं, संध्याकाळी तोच सूर्य समोरून येतो. दुपारी बारानंतर ५००-६०० ला काढलेले फोटो मऊ आले तर लेन्सला शिव्या देऊ नका, पाण्यावरची तापलेली हवा लहरते, दोन लाखांची लेन्स तिच्यापुढे काही करू शकत नाही.

मॅन्युअल मोड, शटर १/१६००, लेन्स पूर्ण उघडी किंवा अर्धा स्टॉप बंद, आयएसओ ऑटो पण वरची मर्यादा ३२०० ला बांधून. फोकस मोड हलत्या वस्तूचा सतत पाठलाग करणारा, म्हणजे कॅननवर एआय सर्व्हो, निकॉनवर एएफ-सी, फक्त मधला पॉइंट. मऊ-शार्प बघायला रॉ आणि जेपेग दोन्ही चालू ठेवा, फक्त या बॉड्यांचा बफर (कार्डावर जायच्या आधीची तात्पुरती मेमरी) लवकर भरतो, त्यामुळे बोट दाबून धरू नका, दोन-तीन फोटोंचे तुकडे करा. पक्षी उडावेत म्हणून दगड मारणारे, टाळ्या वाजवणारे फोटोग्राफर दिसले तर त्यांना टोका. आणि लेन्स ४०० ची असो नाहीतर ६०० ची, पहिल्या दिवशी झूम सगळ्यात लांब टोकाला नेऊन पक्षी शोधत बसू नका, सापडत नाही. आधी १५० किंवा २०० वर पक्षी फ्रेममध्ये आणा, फोकस बसवा, मग झूम करा.